पप्पा कसे करतात

हेतल हे नाव त्यांनीच सुचवलं, सुरतेहून,
फोनवर, मागं लूमची खटखट चालू असताना.
मला आधी ‘शीतल’ ऐकू आलं होतं.

आता ती दीड वर्षाची आहे.
गाय कशी करते? हंबरते.
आजी कशी करते? कमरेवर हात ठेवून खोकते.
मिरचीचे देठ खुडताना आई कशी करते?
फ्रॉकचं टोक नाकाला, आणि खोटी खोटी शिंक.
गल्लीतल्या बाया देठांच्या ढिगाशी बसून
पुन्हा पुन्हा विचारतात, पुन्हा पुन्हा हसतात.

आणि पप्पा कसे करतात?

हेतल थांबते.
एक हात अर्धा वर, तोंड उघडं,
एक डोळा मिटत आलेला.
पापणीसुद्धा हलवत नाही.
मग एकदम, तुटक: आ, आवा, येतो
आणि जिभेनं खट खट खट खट.

पहिल्यांदा केलं तेव्हा सासूबाई घाबरल्या.
‘पोरले काय व्हयनं वं?’ म्हणत मीठमिरची ओवाळली.
मिरचीला काय, दोंडाईच्यात तोटा नाही.
मला मात्र लगेच कळलं.
रात्री नवानंतर आमच्या पत्र्याखाली रेंज अशीच येते.
ते म्हणतात, ‘आखाजीला नक्की...’
आणि थिजतात.
मी तशीच बघत बसते, फोन न ठेवता.
माझ्या मांडीवर बसून
तीही बघत असते.

आखाजीला आले. खरंच आले.
पहाटेच्या पॅसेंजरनं, हातात नानखटाईचा डबा,
आणि सलग बोलत, मध्ये कुठं न तुटता.
हेतल दाराआडून त्यांच्या पायांकडे बघत होती.
पाय तिनं कधी पाहिलेच नव्हते.

मग जवळ गेली.
त्यांच्या गालावर बोट ठेवलं, डावीकडे सारलं.
गेले नाहीत.
पुन्हा सारलं.
मग एक हात अर्धा वर, तोंड उघडं,
एक डोळा मिटत आलेला.

‘हे काय करतेय?’
‘तुम्ही,’ मी म्हटलं. ‘तुम्ही असे करता.’

ते हसायला लागले, आणि मध्येच राहिले.
डबा एका हातात, दुसरा अर्धा वर,
तोंड उघडं.

हेतलनं टाळ्या पिटल्या.
पप्पा! पप्पा!

कढईत सांजोऱ्या होत्या. मी आत गेले.
एक बाजू करपलीच.