जुना पार्ट

पोस्टानं सर्टिफिकेट आलं. घाटंजीत लॅमिनेशन केलं,
आता ते वाजते पापडासारखं.
नाव पुरं छापलं: पुरुषोत्तम उकंडराव इंगोले.
बावीस वर्षं लोकं मले पुरू मिस्त्रीच म्हनतात,
म्हनून पयले दोन दिवस
हा मानूस कोन, असंच वाटे.

परीक्षा यवतमाळले होती.
बाकांवर आमी चाळीस-बेचाळीस जन,
सगळ्याइच्या नखात तीच काळी रेघ.
पोट्टासा साहेब, इस्तरीचा शर्ट.
प्लगचा गॅप इचारला, टॅपेट लावून दाखवा म्हने.
दाखवले. हाताले कोनाची भीती.
मंग कागद वाटले. चूक का बरोबर, खूण करा.

"ग्राहकाच्या संमतीविना पार्ट बदलावा."
चूक.
"काढलेला जुना पार्ट ग्राहकाला परत द्यावा."
बरोबर. हे तं
हबीब उस्तादाच्या शाळेत पयलीतच होतं.

उस्तादाले अक्षर येत नव्हतं,
पन अंधारात पाना चाचपून नंबर सांगे.
बेरिंग निघो, सील निघो, पिस्टनची रिंग निघो,
पेपरात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात.
लोकं म्हनत, हे भंगार मी काय करू मिस्त्री?
तो म्हने, तुमचं भंगार हाये, तुमीच फेका.

पुढचा सवाल:
"न केलेल्या कामाचे पैसे बिलात लावावेत."
अथी पेन थांबला.

सहा वर्षं झाली त्याले.
अंगनवाडीच्या कौसल्याबाई आत्राम, निळी मोपेड,
मांगचा ब्रेक धरत नव्हता.
म्या केबल कसली. पाच मिनिटं, तेबी बिडी पेत पेत.
बिलावर लिवलं: ब्रेक शू नवे, मजुरी धरून चारशे वीस.
आन भंगाराच्या डब्यातून
कोन्या दुसऱ्याच गाडीचे झिजलेले शू काढले,
पेपरात बांधले
आन दिले तिच्या हातात, उस्तादासारखे.
तिनं उघडून पायलंबी नाई. पिशवीत ठेवले. बरं मिस्त्री, म्हने.

घरी कोनी बिमार नव्हतं. हप्ता थकला नव्हता.
कारन असतं तं सांगतलं असतं.

खूण केली. चूक.
बाजूच्यानं माह्या कागदात पाहून तीच केली.

सर्टिफिकेट आल्यावर चौथ्या दिवशी गेलो तिच्या गावाले.
ती लेकरू तोलत होती, काट्याच्या झोळीत,
लेकरू हलत होतं, काटा हलत होता.
म्या सगळं सांगतलं, उभ्यानंच.
तिनं आधी वजन लिवलं. सात किलो दोनशे.
मंग इचारलं,
"त्या उतारावर गाडी थांबे, ते कशानं मंग?"
"केबलीनं. थोडीशी."
"मी मांगं पोषन आहाराचं पोतं घेऊन जाओ. कधी लेकरू राहे कोनाचं."

मले वाटलं शिव्या देईन. दिल्या असत्या तं बरं झालं असतं.
म्हने, पैसे ठेवा तथी. वहीत लिवा.
कशाचे, तेबी लिवा. सही करा.

चारशे वीस. न बदलेल्या ब्रेक शूचे.
खाली सही करतानी
पुरू मिस्त्री लिवता येईना. पुरंच नाव लागलं,
बापासकट.

"मोपेड कुठी हाये बाई?"
"इकली. पारव्याच्या एका पोट्ट्याले. नाव काई ध्यानात नाई."

उद्या पारव्याचा बाजार.
पिशवीत दहाचा पाना, पक्कड, नव्या शूची जोडी.
निळी गाडी, मांगचं मडगार्ड चेपलेलं,
सहा वर्षांत रंगबी बदलला असन.

भिंतीले खिळा ठोकून ठेवला हाये.
सध्या त्याच्यावर फॅनबेल्ट टांगला.