परात

कोपरखैरण्याच्या सेक्टर पाचमध्ये
शाळेचा हॉल आम्ही भाड्याने घेतो.
फळ्यावरचं बीजगणित तसंच असतं,
त्याला टेकवून क्रूस उभा करतो.
उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री
पाय धुण्याचा मान दर वर्षी माझा.
मान, हाच शब्द वापरायचो मी.
बाह्या दुमडून, कमरेला टॉवेल,
बारा खुर्च्यांसमोर एकेक करून गुडघे टेकायचो
आणि तिसऱ्या-चौथ्या पायापाशी
हळूच मान वळवून बघायचो
कोण कोण बघतंय.

रबाळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर.
एक वॉशर हिशोबाबाहेर जाऊ दिला नाही.
मंडळीतही तेच:
गायनाची पुस्तकं, प्रभुभोजनाचे पेले
मोजून काढायचे, मोजून ठेवायचे.
माणसंसुद्धा.

मागच्या कापणीच्या सणाला
अठराशे पन्नास रुपये कमी भरले.
भर कमिटीत मी वही आपटली.
खजिनदार आमोस ओहोळ,
तुर्भ्याच्या मार्केटात रात्रपाळीला
कांद्याच्या गाड्यांची नोंद ठेवणारा पोरगा,
काही बोलला नाही.
पुढच्या रविवारी पैसे आणून दिले,
दहा-वीसच्या नोटा, रबर लावलेल्या,
आणि पेटीची किल्ली माझ्यासमोर ठेवली.
मी पावती फाडली.
सही अशी दाबून केली
की खालच्या तीन पावत्यांवर उमटली.

जानेवारीत शलोमीने माझा कोट उन्हात टाकला.
आतल्या खिशात पाकीट.
माझ्याच अक्षरात: कापणी, १८५०.
तिने ते टेबलावर ठेवलं
आणि तांदूळ निवडत बसली.
विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही,
तिला, पाळकांना, कुणालाच.
प्रभूला सांगितलं,
पण 'आमच्या सर्वांच्या चुका' असं,
अनेकवचनात.

यंदा गुडघ्यांनी संप केला.
पाळक म्हणाले, साळवेबाबा, या खेपेस तुम्ही खुर्चीत.
मी म्हटलं, छे, माझी काय लायकी!
किती सहज आलं,
वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य.
सगळे कौतुकाने हसले.

आणि परात घेऊन आमोस आला.

मोजा त्यानेच उतरवला.
दुपारी वजरीने घासून आलो होतो,
तरी टाचेच्या भेगा, अंगठ्याचं काळं नख.
पाणी टाकीतलं, एप्रिलचं, कोमट.
बोटांच्या बेचक्यांतूनही त्याने हात फिरवला,
लहान मुलाचे धुतात तसा.
मान खाली.
कोण बघतंय, ते त्याने बघितलंच नाही.

पाकीट कोटातच होतं.
जानेवारीत मीच ते परत ठेवलं होतं तिथे.

उठलो.
एक पाय ओला, एक मोज्यात.
'मंडळी,' म्हटलं, आणि आवाज फाटला,
'पैसे माझ्या खिशात होते.
आमोसने घेतले नव्हते.
मला जानेवारीपासून ठाऊक आहे.'

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं मला.
पहिल्या दोन वाक्यांवर
विसरभोळा म्हातारा सुटून गेला असता.

पंखा फिरत राहिला.
मागे कुणाच्या तरी बाळाने चमचा पाडला.
आमोस उठला नाही. म्हणाला,
'बाबा, दुसरा पाय राहिलाय.'

बसलो.

पाकीट त्याने नंतर घेतलं, बाहेर, जिन्यापाशी.
उघडून मोजलं.
बरोबर केलं.

माफ केलं की नाही, माहीत नाही.
रविवारी तो अजून चार रांगा मागे बसतो,
किल्ली घ्यायला तयार नाही.
मी दाराशी गायनाची पुस्तकं वाटतो,
उपासनेनंतर गोळा करतो,
न मोजता पेटीत भरतो.
काल पेटी जरा हलकी लागली.
झाकण उघडलं,
पहिल्या पुस्तकावर बोट ठेवलं,
एक म्हणालोसुद्धा,
आणि मग लावून टाकलं झाकण.