कुलपाबाहेरचं खरं

चौथ्या रात्री कर्नल पुन्हा कोसळला.
मेमरीचं तेच पान: एका थ्रेडनं सोडून दिलेलं,
दुसरा अजून वाचत होता.

मधे प्रिंटच्या ओळी घातल्या,
तर तीन दिवस गुणी मुलासारखा चालला.
काढल्या, की पहाटे तीनला परत आडवा.

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत एवढाच दिवा.
अण्णा पाणी प्यायला उठले.
तीन बोटांत तांब्या धरून म्हणाले,
"काय, सापडंना?"

मी सांगितलं, एक जण विचारतो, हे पान कुणी वापरतंय का?
उत्तर येतं, नाही. खरंच नसतं कुणी.
मग तो ते परत करायला घेतो
आणि तेवढ्यात

अण्णा खाली बसले.
उद्यमनगर, एकोणनव्वद साल, प्रेसवर शिवगोंडा.
"हात काढला काय?" "काढलाय."
"काढलाच हुता की. खोटं कुणीच बोललं न्हाई.
पत्रा जरा तिरका दिसला, म्हणून मी..."

पुढं मालकानं दोन बटणं बसवली,
दोन्ही हात गुंतल्याशिवाय प्रेस उतरायची नाही.
शिवगोंडा पुन्हा त्या शेडमध्ये आला नाही.
गुळाच्या अडतीवर लागला. दर दिवाळीला ढेप पाठवतो.

माझी तपासणी कुलपाच्या बाहेर होती.
उचलून आत ठेवली:
आधी कुलूप, मग पुन्हा एकदा विचारायचं.
चार ओळी बदलल्या.

आज अकरावा दिवस.
अण्णा सकाळी विचारतात, "चालतंय न्हवं?"
मी हो म्हणते,
आणि म्हणून झाल्यावर
परत जाऊन बघते.