भिंगाची कड

डाव्या डोळ्यात भिंग आहे की नाही
हे बोटानं चाचपून बघावं लागलं,
त्या दिवशी पहिली शंका आली.
एकतीस वर्षं तपकीर गल्लीत
ती काळी कड भुवईखाली रुतली
की समजायचं, काम सुरू.
भिंग सुटलं ते थेट घड्याळाच्या उघड्या पोटात,
केसाएवढी स्प्रिंग दुमडली.
गिऱ्हाईक भलं. म्हणालं, वय झालं हो घड्याळाचं.
मी म्हटलं, घड्याळाचं नाही.

त्याआधी नारायण पेठेतल्या दंतवैद्यानं
माझी एक दाढ काढली होती.
ती बिचारी निर्दोष निघाली.
गाल मात्र तसाच,
उन्हात वाळत घातलेल्या दुसऱ्याच कुणाच्या कपड्यासारखा.

डॉक्टर हसबनीस बाईंनी पडद्यावर दाखवलं:
मेंदूच्या बुडाशी पाचवी नस,
तिला तीन फांद्या, कपाळाला, गालाला, जबड्याला,
आणि तिच्या मुळाशी, तिच्याच आवरणातून उगवलेली ही.
"साधी गाठ आहे. कर्करोग नाही.
फारच क्वचित होते."
माझा नवरा विश्राम लगेच म्हणाला, बघ, क्वचित!
जसं काही लॉटरीच लागली.
दोन्हीकडे फुगलेली, मध्ये हाडाच्या फटीत आवळलेली.
त्या इंग्रजीत काही म्हणाल्या,
मला तो डमरू दिसला.
वाजत नव्हता, एवढंच.

"वाट बघता येते," बाई म्हणाल्या,
"पण ही आता मेंदूच्या देठाला टेकली आहे.
उघडू. सुटेल तेवढी सोडवू.
शिरेला चिकटलेली ओढणार नाही.
उरेल तिला नंतर किरण."
सोडवू हा शब्द मला पटला.
गंजलेला स्क्रू आम्हीही ओढत नाही,
तेलाचा थेंब सोडतो आणि चहा पिऊन येतो.
त्यांची बोटं मी बघून घेतली.
नखं कापलेली, अंगठा स्थिर.
मग सही केली.

दुकानावर पाटी लावली:
मालकीणबाईंच्या डोक्याची दुरुस्ती चालू आहे.
घड्याळे सुरक्षित आहेत. चौकशी करू नये.
तरी चौकशी करून गेले लोक.

नऊ तास.
त्या नऊ तासांचं माझ्याकडे काहीच नाही,
एक टिकटिकसुद्धा नाही.
जाग आली तेव्हा कानावर नालासारखा टाका,
आणि खिडकीबाहेर मुठेवरच्या पुलाचे दिवे
दोन दोन.
महिन्याभरात ते एकेक झाले.

किरणांच्या वेळी तोंडावर जाळीचा मुखवटा बसवला,
गरम, ओला, मग कडक.
उजव्या गालाला तो टोचत राहिला.
डाव्यानं काही तक्रार केली नाही.

आता हे असं आहे.
भाताचं शीत ओठाच्या कोपऱ्यात राहतं,
मुलगी नुसती स्वतःच्या ओठाला बोट लावते.
घास डावीकडे दडून बसतो, जिभेनं शोधून आणावा लागतो.
डोळ्यात कचरा गेला तर डोळ्याला पत्ता नसतो,
म्हणून दर दोन तासांनी थेंब, रात्री पट्टी,
सकाळी आरशात तपासणी: लाल आहे का?
स्वतःच्याच डोळ्याची मी वॉचमन.
परवा शेजारच्या रेडिओवाल्या नानकरांचं कळलं,
तेव्हा डाव्या गालावरून काही ओघळलं असावं.
हनुवटीवरून मनगटावर पडलं,
तेव्हा समजलं.

वर्षाला एकदा फोटो.
बाई म्हणतात, उरलेला तुकडा तसाच आहे,
दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.
मी मान हलवते.
दोन मिलिमीटर म्हणजे किती
हे घड्याळवालीला सांगू नये.
तेवढ्यात एक अख्खं चाक मावतं, दातांसकट.

भिंग उजव्या डोळ्यात घ्यायला शिकतेय.
हात उलटे पडतात, चिमटा हुकतो,
छोटी घड्याळं अजून परत पाठवते.
पण कड रुतते. चांगली रुतते.
संध्याकाळी भिंग काढल्यावर
भुवईखाली गोल वण उरतो, थोडा दुखरा.
तो मी दुकान बंद करताना
एकदा दाबून बघते.