तिसरी फांदी

दांडिया बाजार, रात्रीचे अकरा.
नर्सिंगच्या ऑनलाइन कोर्सला मी फांद्या फोडत बसलेय.
खाट क्रमांक नऊ. मुलगा विचारतो :
"सिस्टर, बा बची जशे ने?"

पर्याय एक : हो म्हणा.
पर्याय दोन : डॉक्टरांना विचारा म्हणा.
दोन्हींपुढे बाण, बाणापुढे गुण,
चुकलात तर ‘पुन्हा सुरुवात करा’.

त्र्याण्णव साली मी दोन निवडला होता.
तो डॉक्टरांना शोधत जिना उतरला,
तेवढ्यात म्हातारी.

तिसऱ्यात लिहिलं : स्टूल ओढा, बसा.
पुढचं सुचेना.
पडद्यावर लाल अक्षरं :
या शाखेला शेवट जोडलेला नाही.

नाहीच आहे, म्हटलं.
स्टूलचं चित्र तेवढं टाकलं,
आमच्या वॉर्डातल्यासारखं,
एक पाय आखूड असलेलं.