लिओरा व्हेनबद्दल तुम्हाला माहीत नसलेल्या पंधरा गोष्टी

तिसरी गोष्ट अशी, की लहानपणी ती
शाळेच्या प्रार्थनेत नुसते ओठ हलवायची.
मास्तरांनीच सांगितलं होतं तसं.
मी मोबाईल कलता धरून वाचते.
अम्मा सुपातलं पान उचलते,
कात्री, तंबाखूची चिमूट, बोटांची एक वळी,
"मग?" म्हणते. तिचं मग
दोऱ्याच्या गाठीएवढं.

मग ती मोठी झाली. आता तिच्या गळ्याचा विमा आहे,
दोनशे कोटींचा.
अम्मा आपली बोटं बघते,
तर्जनीचं टोक पानाच्या रंगाचं झालेलं.
"गळ्याचाच? बोटांचा काढत नाहीत काय?"
"वाजवणाऱ्यांचा काढत असतील."
"आणि वळणाऱ्यांचा?"
मी पुढची गोष्ट उघडते.

एप्रिल. विडी घरकुलातला पत्रा दुपारी दोनला
स्वतःशीच कडकड बोलतो.
अक्कलकोट रोडवरून निघालेला वारा
आमच्या दारातल्या पडद्याला हातही लावत नाही.

पाचवी: पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती,
त्यातलं एक झोपलेलं.
सहावी: एका मोठ्या कंपनीच्या माणसानं
तिची चाळीस गाणी परत पाठवली,
आवाज खरखरीत म्हणून.

इथं अम्माचा हात थांबतो.
"चाळीस? हजाराला चाळीस छाट तर आमची रोजची.
पान मऊ, तोंड सैल, काहीतरी काढतोच.
कुठल्या ब्रँचचा चेकर म्हणं तो?"
मी हसते. ती हसत नाही.
"छाटलेल्या विड्या परत देतो का गं आमचा?
तिला गाणी तरी परत मिळाली."

आठवीला नेट गोल गोल फिरत राहिलं.
आठवी काय होती, आम्हाला माहीत नाही.

नववी: डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही.
जन्मापासून. स्टेजवर अनवाणी उभी राहते,
फळ्यांतून ताल पायात घेते.

ही मी मोठ्यानं वाचली नाही.

बाजेवर नायना झोपला नव्हता, नुसता आडवा होता.
तेहतीस वर्षं अशोक चौकातल्या शेडमध्ये,
सोळा माग एकदम,
चादरीवर मोर चढत गेले
आणि त्याच्या कानातून एकेक आवाज उतरून गेला,
आधी डासाचा, मग कुकरच्या शिट्टीचा,
मग माझा.
आता तो मला ओठांवरून वाचतो.
उन्हात ओठ सुकले की म्हणतो, नीट बोल.

मी तिचं गाणं लावलं, आवाज पूर्ण,
आणि मोबाईल त्याच्या तळहातावर पालथा ठेवला.
तो आधी चिडला, गरम लागतंय म्हणाला.
मग बोटं मिटली.
मग डोळे.
मग, घरात कुणीच ओरडत नसताना, ओरडून म्हणाला,
"मिनिटाला एकशे वीस पिक! माग बरोबर चाललाय.
पण मध्येच धोटा चुकतो बघ. एकदाच."

मी गाणं मागं नेलं. पुन्हा नेलं.
तिसऱ्यांदा माझ्याही कानाला कळलं,
दुसऱ्या कडव्यानंतर
ती एक श्वास उशिरा येते.

हे त्या पानावर कुठंच नव्हतं.

"काय म्हणालाय तुझा नायना?"
"धागा तुटलाय म्हणतो."
"मग जोड म्हणावं. मला काय सांगतो?"
असं म्हणून ती बंडलं मोजायला लागली, पहिल्यापासून,
कारण चाळीसपाशीच तिचा आकडा चुकला होता.

मोबाईल मी परत मागितला नाही.
बारा टक्के चार्जिंग,
दहावी ते पंधरावी गोष्ट
त्याच्या मुठीत,
आणि त्याचा अंगठा बाजेच्या काठावर
हळूच पडतोय, उठतोय,
एका ठिकाणी, फक्त एका ठिकाणी,
जरा थांबून.