माया

जून आला की दर्शना म्हात्रे त्याला घेऊन येते
घणसोली गावात, चक्कीशेजारच्या माझ्या दुकानात.
"मास्तर, माया सोडा भरपूर."
मी सोडतो. पायाला चार बोटं, कमरेला दोन.
पुढच्या जूनला उसवायला घ्यावी
तर चारही बोटं तशीच आत दुमडलेली,
बाहेरचा निळा विटलेला,
आतला दुकानातून आणल्यासारखा.

निहार अकरा पूर्ण.
पँटची उंची एकोणतीस, गेल्या वर्षीचीच.
वाशीच्या डॉक्टरांनी डाव्या हाताचा फोटो काढला,
म्हणाले, हाडं वयाच्या दोन वर्षं मागून चालतायत,
चालू दे.
पण घरात कोण चालू देतं?
मामानं चौकटीला सळई ठोकली लोंबकळायला,
काकूनं दुधात कसली पावडर,
आणि ज्याला त्याला दारामागच्या पेन्सिलीच्या रेघा बघायच्या.

एकदा म्हणाला,
"प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांचे हात पुढच्याच्या खांद्यावर.
माझे कमरेवर. पहिलीपासून."
मी ओवलेलीच सुई पुन्हा ओवली.

मग तो शनिवारी यायला लागला.
काजं करतो. टाके माझ्यापेक्षा बारीक.
मापाची वही त्याच्याकडे, अक्षर देखणं.
बायका म्हणतात, "अगं बाई, बाळ किती गोड!"
तो मान वर न करता विचारतो,
"ब्लाऊज कुणाचा, मावशी? छाती सांगा."

एक चूक माझ्याकडूनही झाली.
वरच्या फळीवरचा दोरा काढायला
काखेत हात घालून उचललं त्याला.
लाकडासारखा ताठ झाला. चार दिवस आला नाही.
तेवढ्यात मी फळी उतरवून खाली ठोकली,
टेपचा खिळाही.
विचारलं तर म्हणालो,
हात वर केला की माझा खांदा धरतो.
त्यानं खांद्याकडे पाहिलं,
फळीकडे पाहिलं,
आणि वही उघडली.

यंदा माप घेताना आई चक्कीवर पिठासाठी थांबली होती.
हळूच म्हणाला,
"मास्तर, माया दोनच बोटं ठेवा.
चार ठेवली की पायाला जड लागते."

दोन ठेवली.
दर्शनाला सांगितलं नाही.
उरलेल्या पट्टीची त्यानं स्वतःच
खडू ठेवायला पिशवी शिवली,
आणि तिलाही, बघतो तर,
आतून एक बोट माया.